रंगनाथरावांना पाठवलेला कागद

आमच्या घरात दिवसभर दोनच यंत्रे बोलत: अप्पांचे टंकयंत्र आणि माझी मोर्सची की. माझे वडील, म्हणजे अप्पा, अर्जनवीस होते. नगरच्या कचेरीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली त्यांचे टेबल असे. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे त्यांच्यासमोर उकिडवी बसून आपले गाऱ्हाणे उलटसुलट सांगत, आणि अप्पा त्यातून विषय, संदर्भ, कारणे आणि विनंती अशा चार भागांचा स्वच्छ अर्ज उभा करीत. उरलेले काम ते संध्याकाळी घरी आणत. ओसरीवर त्यांचा खडखडाट चाले आणि मधल्या खोलीत मी ती पितळेची लहानशी पट्टी दाबत सराव करीत बसे: एक आखूड सूर, एक लांब सूर, आणि त्यांच्या जुळणीतून उमटणारे एकेक अक्षर. आईला त्यातले एकही अक्षर येत नव्हते, पण माझा हात चुकला की आतली भाकरी थापण्याची लय थांबे. “अडखळलास बघ,” ती म्हणे, आणि ते नेहमीच खरे असे. हुलग्याच्या शेंगोळ्यांचा वास घरभर पसरला की दोन्ही यंत्रे एकाच वेळी गप्प होत. तेवढ्या एका बाबतीत आम्हा बापलेकांत कधी मतभेद झाला नाही.

हौशी रेडिओचा परवाना मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला असताना मिळवला. दुरून आलेले अनोळखी माणसाचे बोलणे भिंतीतून झिरपल्यासारखे कानात उतरते, याचे मला वेड लागले होते. पण खरे सांगायचे तर त्या छंदातल्या नियमांचेही मला तेवढेच वेड होते. कोणत्या लहरीवर बोलायचे, किती शक्तीने बोलायचे, कशाबद्दल बोलायचे नाही, प्रत्येक संभाषणाची वहीत कशी नोंद करायची, हे सगळे छापील होते आणि मला तोंडपाठ होते. आमच्या छपरापासून शेजारच्या शेवग्यापर्यंत अँटेनाची तार बांधायची होती, तेव्हा अप्पांनी शेजाऱ्यांचे संमतिपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी तयार केले. शेजारी म्हणाले, “अहो अप्पा, बांधा की तार. शेंगा काढताना पोराला वर चढवत जा म्हणजे झालं.” अप्पांनी ती अटही कागदावर घेतली.

आजही मी पत्रे लिहितो. पदपथावर चढवलेल्या गाड्यांबद्दल, परवानगीची वेळ उलटून गेल्यावर वाजणाऱ्या कर्ण्यांबद्दल, खड्डा बुजवल्याचे खोटे उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल. माझ्या पत्रांत राग असतो आणि तो असावा असेच माझे मत आहे. ज्या देशात तक्रार करणाऱ्यालाच ‘तुम्हाला काय कमी आहे’ असे विचारले जाते, तिथे राग हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानायला हवा. परंतु पत्र कुणाला लिहायचे आणि कुणाला लिहायचे नाही, हे मी एका उन्हाळ्यात शिकलो. ते ज्याच्या खर्चाने शिकलो, त्या माणसाची आठवण लिहून ठेवणे माझ्याकडून राहून गेले होते.

साबळे गुरुजी हे अप्पांचे जुने स्नेही. निवृत्तीनंतर ते जामखेडच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत असलेल्या एका शाळेत दर मे महिन्यात मुलांचे शिबिर घेत. त्या वर्षी ते घरी आले, माझा संच पाहिला, हेडफोन कानाला लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. “अरुण,” ते म्हणाले, “हे आमच्या पोरांना ऐकव. दहा दिवस ये. जेवण-खाण आमचं, बाकी काही मिळायचं नाही.” मी तत्काळ होकार दिला, मात्र संच दुसऱ्या जागी हलवण्याची परवानगी पत्र लिहून मागवली आणि ती हातात पडेपर्यंत ट्रंक भरली नाही. गुरुजींनी दोनदा माणूस पाठवून विचारले.

शिबिरात तीसेक मुलेमुली होती, बहुतेक आसपासच्या शेतकऱ्यांची, सहावी-सातवीतली. सकाळी कवायत, मग सुतारकाम, मग माझा तास. दुपारी पत्र्याखाली पंगत बसे. डाळीची तिखटजाळ शिपी आमटी, तीत चुरलेली बाजरीची भाकरी, आणि डोळ्यांतून पाणी येत असताना एकमेकांना हसणारी मुले. मी पहिला तास संपूर्णपणे नियमांना दिला. परवाना नसलेल्या माणसाने संचावरून बोलणे हा गुन्हा आहे, हे सांगितले. कानावर पडलेला दुसऱ्याचा संदेश कुणालाही सांगायचा नाही, हेही सांगितले आणि सर्वांकडून तशी शपथ घेवविली. हा दुसरा नियम माझ्या छंदाला त्या स्वरूपात लागू नव्हता; मी तो सावधगिरी म्हणून ताणला होता. परिणाम असा झाला की चौथ्या दिवशी एक माउली शाळेत आली आणि माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, “मास्तर, पोराला इचारलं काय शिकला, तर म्हनतोय सांगता यायचं न्हाई, कायदा हाय. आसलं काय शिकवता वो तुमी?” गुरुजी पाठ फिरवून खोकत राहिले. ते हसत होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

त्या तीस जणांत मंगल होती. तेरा वर्षांची, सडपातळ, दोन वेण्या तेलाने चप्प बसवलेल्या. तीन दिवसांत तिने निम्मी अक्षरे कानाने ओळखायला सुरुवात केली आणि सहाव्या दिवशी ती मला न येणारी गोष्ट करू लागली. हेडफोन लावून ती म्हणे, “ह्यो कालचाच मानूस हाय.” मी वहीत पाही, तर खरेच तोच. “कशावरून?” “त्येचा लांब सूर जरा रेंगाळतो. आन् आज दमलाय.” की दाबणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हे मी पुस्तकात वाचले होते, तिने ते ऐकले होते. माझ्या संचावर बोलण्याचे बटण दाबून धरले असेपर्यंत समोरचे काहीही ऐकू येत नसे. मी एका पुण्याच्या गृहस्थांशी बोलत असताना ती शेजारी उभी होती. बोलणे संपल्यावर ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “सर, तुमी लई येळ बटन दाबून धरता. त्यो बिचारा मधीच काय म्हनला आसंल तर?” मुले खो खो हसली. संभाषण किती लांब असावे यावर नियमात कुठलेही बंधन नाही, असे मी तिला समजावून सांगितले.

सातव्या दिवशी आम्ही दोघे तार गुंडाळत होतो. तार हाताच्या कोपरावर घेत ती सहज बोलावे तसे म्हणाली, “जूनपास्नं साळा न्हाई मला.” सातवीच्या पुढची शाळा त्यांच्या गावात नव्हती, तालुक्याला होती. “कोण म्हणतं?” मी विचारले. “दादा.” दादा म्हणजे तिचे वडील, रंगनाथ. तिने आणखी काही सांगण्यासाठी तोंड उघडले होते, हे मला आज स्पष्ट आठवते. परंतु माझे कान त्या क्षणी बंद झाले होते. ज्या मुलीला असे कान आहेत तिला चुलीपुढे बसवणार! माझ्या डोक्यात कलमे उभी राहू लागली. मी तडक गुरुजींच्या खोलीत गेलो, लांब दरखास्ती कागद घेतला, खाली कार्बन घातला, डावीकडे चार बोटे समास सोडला आणि अप्पांच्या हाताखाली शिकलेले सगळे कसब पणाला लावून लिहिले. ‘विषय : आपली कन्या मंगल हिस शिक्षणापासून वंचित ठेवण्याबाबत.’ मग कारणे, क्रमांक घालून. मग ‘सबब’. आणि शेवटी, ‘अन्यथा पुढील सर्व परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल, याची नोंद घ्यावी.’ सहीच्या बाजूला मोकळी जागा बरी दिसेना, म्हणून गुरुजींच्या खणातला शाळेचा गोल शिक्का न विचारता उमटवला आणि कागद त्या गावाकडे निघालेल्या दूधवाल्याच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंगलचा मामा सायकलवरून आला. “पोरीला घरी बलवलंय,” एवढेच तो गुरुजींना म्हणाला. कारण विचारले तर, “मला काय इचारू नका.” मंगल आपले बोचके घेऊन कॅरिअरवर बसली आणि वळणापर्यंत मागे पाहत राहिली. मला वाटले, पाहा, अन्यायाचा पुरावाच मिळाला! उरलेले दिवस मी शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायच्या दुसऱ्या पत्राचा मसुदा तयार करण्यात घालवले. शिबिराच्या समारोपाला मुलांनी मोर्समध्ये एकमेकांची नावे वाजवून दाखवली, पालकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी ट्रंक घेऊन नगरला परतलो.

त्या संध्याकाळी आईने मुद्दाम शेंगोळे केले होते. ताटे मांडली जात असताना मी पिशवीतून कार्बनप्रत काढून अप्पांना दिली. मला शाबासकी हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. अप्पांनी चष्मा पुसला आणि धंद्यातल्या माणसाच्या नजरेने कागद दिव्याखाली धरला.

“समास चांगला सोडलायस,” ते म्हणाले. मग पुढे वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला.

“हे कुणाला दिलंस?”

“मुलीच्या वडिलांना.”

“शिक्का मारून?”

“शाळेचा होता.”

“तो माणूस लिहिता-वाचता आहे? त्याची जमिनीची काही भानगड चालू आहे? भाऊबंदांचा दावा, हद्दीची तक्रार?”

“मला माहीत नाही.”

“मग माहीत काय आहे तुला?” अप्पा एवढ्या हळू आवाजात बोलले की आई दारात येऊन थांबली. “अरुण, अर्ज वर जातो. हाच कागद खाली आला की त्याला नोटीस म्हणतात. माझ्यासमोर रोज येऊन बसतात नोटीस आलेली माणसं. त्यांना अक्षर वाचता येत नसतं, पण समास ओळखता येतो.”

आई म्हणाली, “आधी जेवू दे त्याला. प्रवासातून आलाय.”

“तो माणूस जेवला असेल का?” अप्पांनी विचारले.

त्या ताटातले शेंगोळे मी कसे संपवले, मला आठवत नाही. सकाळी निघताना अप्पांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या: कागद तोंडाने वाचून दाखव आणि परत घेऊन ये. त्यांनी एवढी थोडी वाक्ये वापरून कुठलेही काम समजावल्याचे मला आठवत नाही. संच सोबत घ्यावा असे मला का वाटले, ते सांगता येत नाही. बहुधा रिकाम्या हाताने तिथे उभे राहण्याची भीती वाटली असावी.

एस.टी.ची गाडी मला फाट्यावर सोडून निघून गेली. तिथून गाव दोन कोस आत. ट्रंक आणि बॅटरी घेऊन चालताना वाटेत एका बांधावर काट्यांचे नवे कुंपण दिसले. गावात शिरताच एका म्हाताऱ्याला मी रंगनाथरावांचे घर विचारले. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. “कोर्टातनं आलाव?” मी नाही म्हणालो. त्याला ते पटलेले दिसले नाही, पण त्याने घर दाखवले.

रंगनाथ घरी नव्हते. ओट्यावर मंगलची आई होती. मला बघताच तिने पदर पुढे ओढला आणि आत गेली. मंगल तांब्या घेऊन बाहेर आली. “सर, तुमी?” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद नव्हता. “दादा जामखेडला गेल्यात. कोर्टात फळा लावत्यात ना, त्येच्यावर नाव हाय का बगाया. रोज जात्यात. चार दिस झालं.”  दुपारची गाडी आल्यावर ते आले. पंचेचाळिशीचे, टोपी हातात, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. मी ओट्यावरून उठायच्या आत त्यांनी हात जोडले. मी एकवीस वर्षांचा होतो. आयुष्यात पुढे पुष्कळांनी मला हात जोडले; ते जोडलेले हात मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

“कागद मी लिहिला,” मी म्हणालो. “कोर्टाचा नाही.”

त्यांनी कोनाड्यातून कापडात गुंडाळलेला कागद आणून माझ्यापुढे धरला. मी तो मोठ्याने वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. एवढ्या वाईट आवाजात मी आजवर काहीही वाचलेले नाही. प्रत्येक कलमापाशी ते थांबवत.

“ह्यात जमिनीचं काय न्हाई?”

“नाही.”

“माझ्या चुलतभावाचं नाव?”

“नाही.”

“मंग पोरीचं नाव कशापायी घातलं? एकाला येवढंच नाव वाचता आलं. आमाला वाटलं, पोरीला साक्षीला नेत्यात. म्हून तिला घरी आनली. भेईल वाटलं, तर कागद काय तिला दावला न्हाई.” ते भिंतीला टेकून खाली बसले आणि आतल्या बाजूला पाहत म्हणाले, “आगं, कोर्टाचं न्हाई. मास्तरानं धाडलंय.” आतून भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग बाईंचे हुंदके. तेव्हा मला समजले की ती मघापासून ते भांडे हातात धरूनच उभी होती.

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. ते फक्त म्हणाले, “साळा का बंद करतोय, येवढंच इचाराया आला आस्ता, तर च्या पाजला आस्ता. ह्यो येवढा कागद कशाला?”

“का बंद करताय?” मी विचारले. चार दिवस उशिराने.

मग त्यांनी सांगितले. तालुक्याची मोठी शाळा सुटायच्या आधी पाव तास गावाकडची गाडी निघून जाई. पुढची गाडी फाट्यापर्यंतच, आणि ती येईपर्यंत अंधार पडे. फाट्यापासून येणारी वाट चुलतभावाच्या बांधावरून, आणि चुलतभावाशी हद्दीचा वाद चालू. “त्यानं काटं लावल्यात, बगितलं आसंल तुमी. मी शेतावर, हिची आई शेळ्यामागं. अंधारात त्या बांधावरनं पोरगी यकटी कशी यील? तुमी सांगा. लिवा त्याचं बी कलम.”

 तेवढ्यात मंगल म्हणाली, “सर, संच आनलाय का?” आम्ही अंगणातल्या कडुनिंबाला तार बांधली. तिने हेडफोन लावला, बटण फिरवत राहिली आणि मग पाटीवर एकेक इंग्रजी अक्षर लिहू लागली; अडलेल्या शब्दाचा अर्थ मी सांगितला. वडील जवळ येऊन उकिडवे बसले. “काय म्हनतोय?” तिने माझ्याकडे पाहिले. “सांगू का सर? कायदा हाय ना?” मी म्हणालो, “सांग.” तिने पाटी वाचली: “बंगळूरचा मानूस हाय. म्हनतोय, काल तिकडं पाऊस झाला. आजून ढग हायेत.” रंगनाथांनी हेडफोन मागून घेतला, टोपी काढून कानाला लावला आणि बराच वेळ ती टिकटिक ऐकली. “मला तर निस्ता किडा वरडल्यावानी वाटतंय,” ते अखेर म्हणाले. “आन् हिला ह्यात ढग ऐकू आलं?”

या वर्षीच्या मे महिन्यातही मी शिबिराला गेलो होतो. हल्लीच्या मुलांच्या हातात मोबाईल असतो आणि ती मला विचारतात, “आजोबा, हे असताना ते कशाला?” मला आधी राग येतो, आणि मग मी त्यांच्या कानाला हेडफोन लावून गप्प बसतो. तेव्हाच्या माझ्यासारखा एखादा तरुण स्वयंसेवक मुलांना नियम वाचून दाखवू लागला, तर मी त्याला अडवत नाही, नियम हवेतच. फक्त त्याच्या हाती शिबिराचा शिक्का लागू देत नाही.

रंगनाथरावांच्या ओट्यावर त्या दुपारी चहा झाला. मी माझा कागद घडी करून खिशात ठेवला आणि कोरा कागद काढला. आगारप्रमुखांना अर्ज करायचा होता. गाडी अर्धा तास उशिरा सोडावी, म्हणजे शाळा सुटलेल्या पोरी उजेडी गावापर्यंत पोहोचतील. त्या अर्जाचे पुढे काय झाले ते इथेच सांगतो. मी नगरहून चार स्मरणपत्रे पाठवली, चढत्या रागाची. अप्पांनी प्रत्येक वाचून पाहिले आणि एकही शब्द सौम्य करायला सांगितले नाही. दिवाळीनंतर गाडीची वेळ बदलली. तोवर रंगनाथराव रोज संध्याकाळी औत सोडून फाट्यावर जाऊन उभे राहिले. मंगलने पुढे परवाना काढला. ती तिची गोष्ट आहे, तिनेच ती लिहावी.

पण हे सगळे नंतरचे. त्या दुपारी मी ‘महोदय, सविनय विनंती की’ एवढे लिहिले आणि सवयीने पुढची कारणे स्वतःच रचू लागलो. मग थांबलो. लेखणी उचलून धरली आणि रंगनाथरावांना विचारले, “काय लिहू?”

त्यांनी घसा खाकरला. अंगणात मंगल अजून हेडफोन लावून बसली होती, मान एका बाजूला कलती, डोळे मिटलेले. तिच्याकडे पाहत ते सावकाश सांगू लागले आणि मी त्यातला एकही शब्द न बदलता लिहीत गेलो. “लिवा,” ते म्हणाले, “आमची पोरगी लई लांबचं ऐकती. तिला उजेडी घरी पोचवा.”